हवा अठरावर

त्र्यंबकेश्वर
३ ऑक्टोबर २०२४

चि. विहंग,

काकाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आज घरात घट बसले. तुझ्या काकूने खुर्चीवर बसून का होईना, आरती पूर्ण म्हटली. आता ती झोपली आहे आणि मी गुपचूप लिहायला बसलोय.

तू गाड्या चालवून बघतोस, त्यांच्यावर लिहितोस आणि लोक ते वाचून गाड्या घेतात, असं तेजश्री सांगते. आजवर मला वाटायचं, पोराला धड नोकरी लागली नाही म्हणून काहीतरी करतोय. आता तुझ्याकडे काम निघालं तेव्हा एकदम तू मला विद्वान वाटायला लागलास. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण पुतण्या बरोबर आठवतो.

काम असं. तुझ्या उत्तराकाकूचं डायलिसिस आता मंगळवार-शुक्रवार असं ठरून गेलंय. गंगापूर रोडच्या दवाखान्यात जायला पाऊण तास, मग चार तास सुईवर, यायला पाऊण तास. नेतो-आणतो मीच. पण माझी गाडी सोळा वर्षांची. साठच्या पुढे काटा गेला की आत पिठाची गिरणी चालू होते. उत्तराचं डोकं भणभणतं, तिला तो आवाज अगदी सोसत नाही. म्हणून नवी छोटी गाडी घ्यायची आहे. एकच अट, आतमध्ये आवाज कमी पाहिजे. दिसायला कशीही चालेल.

नाशिकला जाऊन तीन गाड्या पाहून आलो. त्यांची इंग्रजी नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून किमतीप्रमाणे मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. माहितीपत्रकं सोबत जोडली आहेत. विकणारे पोरगे सगळ्याच गाड्यांना 'एकदम सायलेंट, सर' म्हणतात. उभ्या गाडीत बसवून म्हणतात! उभी गाडी कोणाचीही गप्पच असते.

तेजश्रीचं म्हणणं, बाबा, नवी गाडी कशाला, हरसूलचा खंडेराव टॅक्सी चालवतो, तो आठवड्यातून दोनदा नेईल-आणेल, तुमचं वय झालं. बाहत्तर म्हणजे काय वय झालं? माझ्या बायकोला परका माणूस दवाखान्यात नेणार आणि मी घरी बसून घड्याळ बघणार, हे होणे नाही.

उत्तर पत्रानेच पाठव. मोबाईल उत्तराच्या हातात असतो आणि तेजश्री आली की तो उलटासुलटा तपासते. फोनवर मला नीट बोलताही येत नाही.

तुझा
ढुंढिराजकाका


चिंचवड
११ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

काकूंना आणि तुम्हाला नमस्कार. विद्वान झाल्याचा आनंद मोठा आहे. हे बाबांना एकदा सांगा, त्यांचं मत अजून पहिलंच आहे.

तिन्ही गाड्या मी चालवल्या आहेत. गेल्या रविवारी मुद्दाम पुन्हा मागून घेतल्या आणि एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, खिडक्या लावून, आवाज मोजायचं यंत्र डोक्याजवळ धरून फिरलो. तुमच्या थोरलीचं नाव मोठं, लक्षण खोटं. इंजिन गप्प आहे, पण शोभेसाठी तिला रुंद, चपटे टायर दिलेत. डांबर जरा उखडलेलं लागलं की तेच टायर बोंबलतात. मधलीचं स्टिअरिंग इतकं हलकं की एका बोटाने वळते, बाजारात चालवायला झकास. पण दरवाजे पातळ, शेजारून ट्रक गेला की तो आपल्याच मांडीवरून गेल्यासारखा वाटतो.

आणि गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त ती धाकटी सगळ्यात गप्प. टायर अरुंद आणि उंच गालाचे (गाल म्हणजे टायरची बाजू), चाकाच्या वर आतून जाड अस्तर. वळणावर थोडी झुकते, पळायला आळशी आहे, पण खड्डा पोटात घेते. कंपनीचे टायर मात्र कडक रबराचे आहेत, ते बदलून मऊ रबराचे बसवले तर अजून फरक पडेल.

आता एक विचारू? परवा दसऱ्याचं विचारायला घरी फोन केला होता. काकूंना म्हटलं, गाडीच्या आवाजाने तुमचं डोकं दुखतं ना? तर त्या हसल्या. म्हणाल्या, "माझं कसलं डोकं दुखतंय? जाताना मी सारखी बडबडत असते. हेच दगडासारखे समोर बघत बसतात. आजारी बाईशी काय बोलायचं, असं झालं असेल त्यांना."

काका, हे बोलताना त्यांचा आवाज शेवटी शेवटी बदलला. डोकेदुखी नक्की कोणाची आहे?

तुमचा
विहंग


त्र्यंबकेश्वर
१९ ऑक्टोबर २०२४

चि. विहंग,

पकडलंस. बापावर गेला आहेस, त्यालाही लहानपणापासून माझं खोटं वासावरून कळायचं.

उत्तराचं डोकं दुखत नाही. मला ऐकू येत नाही. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अर्धामुर्धा आहे. तीन वर्षं झाली. हे जगात तुला पहिल्यांदा सांगतोय.

मी गुरुजीपण का सोडलं माहीत आहे? गुडघे गेले म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. श्राद्धाला बसलेला यजमान आपल्या गेलेल्या माणसाचं नाव फार हळू सांगतो रे. मला ते ऐकू येईना. दोनदा विचारलं की तो रडायला लागायचा. एकदा मी अंदाजाने पुढे गेलो आणि तो मुलगा म्हणाला, गुरुजी, हे माझ्या वडिलांचं नाव नाही. त्याच दिवशी घरी येऊन उपरणं घडी करून ठेवलं.

घरात निभतं. उत्तराच्या तोंडाकडे बघितलं की कळतं. गाडीत रस्त्याकडे बघावं लागतं आणि ती बसते डाव्या बाजूला, मेलेल्या कानाकडे. आणि ही बाई बोलते ती फक्त गाडीत! घरी कामाला झुंबरबाई असते, शेजारच्या येऊन बसतात. दवाखान्यात ती डोळे मिटून पडते. परत येताना तिच्यात त्राण नसतं. जाताना त्या पाऊण तासात मात्र ती सगळं बोलते आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही. परवा सातपूरच्या सिग्नलला इंजिन बंद केलं तेव्हा एवढंच ऐकू आलं, "...म्हणून मी तुमच्यावर दोन वर्षं रागावले होते." कशाबद्दल? कधी? विचारू कसं? तोवर सिग्नल सुटला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन वर्ष, फार तर दीड वर्ष सांगितलंय. ती बोलतेय तोवर मला तिचं ऐकायचंय. मला दुसरं काहीही नको.

कानाला यंत्र लावा म्हणशील. लावलं की तेजश्रीला दिसणार आणि त्याच दिवशी किल्ली तिच्या पर्समध्ये जाणार. मग खंडेराव, त्याचा रेडिओ, मी मागे. परक्या माणसापुढे उत्तरा तोंड उघडणार नाही. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला तुझ्या काकाची आण आहे, हे उत्तराला कळता कामा नये. मी दगडासारखा बसतो असं तिला वाटतं ते वाटू दे. बहिऱ्याच्या शेजारी बसलोय असं तिला वाटायला नको, नाहीतर बोलायचीच थांबेल.

धाकटी घेतो. तिला अजून गप्प कसं करायचं ते लिही.

ढुंढिराज


चिंचवड
२६ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. रागावू नका, पण तुम्ही गाडी चालवू नये असं मला आधी वाटलं. मग परत वाटलं, काकूंचं ते फोनवरचं वाक्य तुम्ही ऐकायला हवं होतं. त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना कंटाळलात.

तर आपला करार. संक्रांतीपर्यंत मी कोणाला काही सांगणार नाही. संक्रांतीनंतर तुम्ही कानाची तपासणी करून यंत्र घ्यायचं, मी स्वतः नाशिकला येईन आणि तेजूताईला तुमच्या बाजूने मी समजावीन. तोवर पन्नास-साठच्या वर जायचं नाही, आरसे सारखे बघायचे. कबूल असेल तरच पुढचं वाचा.

धाकटी घेतल्यावर सातपूरला रवीच्या दुकानात जा. माझ्या ओळखीचा आहे, सचोटीचा माणूस. त्याला मऊ रबराचे टायर द्यायला सांगा, मी फोन करून ठेवतो. कंपनी तेहतीस हवा सांगते. दोघंच बसणार असाल तर दोनेक कमी, म्हणजे एकतीसवर ठेवली तरी चालते. हादरे कमी बसतात, धडधडही जरा मऊ होते. दरवाज्यांच्या रबरी पट्ट्यांना महिन्यातून एकदा पावडर लावा. पायाखाली जाड गालिचा टाका.

एवढं करूनही खडी वर आलेल्या रस्त्यावर टायर थोडे गुणगुणणारच. त्याला घाबरायचं नाही, तो रस्त्याचा आवाज.

आणि काका, जमलं तर काकूंना सांगून टाका. त्या बोलायच्या थांबतील असं मला वाटत नाही.

विहंग


त्र्यंबकेश्वर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. विहंग,

शंभर वर्षं जग. तुझ्या लेखणीला आणि तुझ्या त्या आवाज मोजायच्या डबीला माझा साष्टांग नमस्कार.

पाडव्याला गाडी घरी आली. चारी टायरखाली लिंबं ठेवून चिरडली, मीच मंत्र म्हटले, दक्षिणा कोणाला द्यायची हा प्रश्न आला नाही. रवीने टायर बदलून दिले. भला माणूस आहे, चहा पाजल्याशिवाय सोडेना.

आणि अरे, मला ऐकू येतं! सगळं नाही, पण मान जराशी डावीकडे वळवून उजवा कान तिच्याकडे केला की दहातले सात शब्द येतात. उरलेले तीन मी भरतो. पंचेचाळीस वर्षांच्या सरावाने एवढं जमतं. पहिल्या दिवशी मी मध्येच म्हटलं, "मग त्या शेजारणीने साडी परत दिली का?" तर ती बोलता बोलता थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगोबाई, ऐकताय होय!" मग महिरावणी गाव येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. डोळे पुसत होती हे मला दिसलं, ते ऐकावं लागत नाही.

दोन वर्षांचा राग कशाचा तेही कळलं. तिचे वडील शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा माझ्याकडे गुजरातचे यजमान उतरले होते, मी तिला एकटीला एसटीत बसवून दिलं. ते आठ दिवसांनी गेले, मी बाराव्याला उगवलो. छत्तीस वर्षांनी हे मला सांगितलं. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "आता म्हणताय ते बरं केलंत." एवढंच. पण विहंग, हे राहून गेलं असतं रे.

हवेचं तुझं औषध तर रामबाण निघालं. एकतीसवर फरक जाणवला, म्हणून सत्तावीस करून पाहिली. अजून बरी. मग बावीस. आता आठवडा झाला, अठरावर ठेवली आहे. मापायची नळी विकत घेतली आहे, दर सोमवारी सकाळी संध्या झाली की मी स्वतः बघतो. आमच्यात म्हणतातच, अधिकस्य अधिकं फलम्. एका माळेने गुण आला तर अकरा माळा कराव्यात. स्टिअरिंग जरा जड लागतं आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी होते खरी, पण आतमध्ये देवघरासारखी शांतता. उत्तरा म्हणते, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं.

संक्रांतीचा करार लक्षात आहे. आधी तिला सगळं बोलून घेऊ दे.

तुझा
काका


चिंचवड
२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ती. काका,

हे पत्र हातात पडताच, जेवत असाल तर ताटावरून उठून, गाडीत तेहतीस हवा भरून घ्या. अठरा हवेवर गाडी चालवायची नसते! मी दोन पौंड म्हटलं होतं, काका, पंधरा नाही. यात अधिकस्य अधिकं फलम् चालत नाही.

हवा इतकी कमी असली की टायरचा गाल प्रत्येक फेऱ्याला दुमडतो, आतून तापतो, रबरातले दोरे सुटत जातात. बाहेरून काही दिसत नाही. तुम्ही खालचं मॉडेल घेतलंत, त्यात हवा कमी झाल्याचा दिवाही लागत नाही. अशा टायरमध्ये नुसती हवा भरूनही भागणार नाही, रवीकडे जाऊन चारी टायर उतरवून आतून बघून घ्या.

फुटायच्या आधी टायर आवाज देतो. चाकापाशी फडफड, ओलं कापड आपटल्यासारखी. तुम्हाला ती ऐकू येणार नाही. काकूंना येईल. त्या काही म्हणाल्या तर तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्या.

स्पीडपोस्टने पाठवतोय.

विहंग


चिंचवड
२४ डिसेंबर २०२४

ती. काका,

दहाव्याला मी कुशावर्तावर तुमच्यासमोर तासभर बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. तिथे जे सांगायला पाहिजे होतं ते आता लिहितो.

तुमचं अठरा हवेचं पत्र मला तेवीस नोव्हेंबरला, शनिवारी मिळालं. मी लगेच फोन केला होता, काका. काकूंनी उचलला. आवाज इतका छान लागला होता त्यांचा. म्हणाल्या, "यांना काय झालंय कळत नाही रे, हल्ली माझं सगळं ऐकून घेतात. परवा तर भांडलेसुद्धा." मी विचारलं, काका आहेत का? म्हणाल्या, "देवळात गेलेत, काही निरोप आहे का?"

हवा भरून घ्यायला सांगा, एवढं एक वाक्य होतं. पण त्या विचारतील, का रे, कमी का ठेवली, कोणासाठी, मग मी काय सांगणार? तुमची आण होती. मी म्हटलं, काही नाही काकू, सहज केला होता. फोन ठेवला आणि दोन दिवसांनी पत्र लिहिलं. अपघात मंगळवारी झाला. शनिवारी मी ते एक वाक्य बोललो असतो तर त्या आज असत्या. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी उठलो की पहिलं हेच आठवतं.

आता तेजूताईचं. तिचं म्हणणं, नव्या गाडीचा टायर तीन आठवड्यांत फुटतो म्हणजे टायरच सदोष होता, रवीने जुना माल गळ्यात मारला. ती त्याच्यावर ग्राहक न्यायालयात जाणार आहे. मला म्हणाली, तू गाड्यांतला जाणकार, टायर खराब होता असं दोन ओळी लिहून सही करून दे. रवीचा मला फोन आला होता. रडत होता. त्याच्या दुकानासमोर कोणीतरी त्याच्या तोंडावर त्याला खुनी म्हणालं.

मी काय लिहून देऊ? तुम्ही सांगाल तसं करीन.

विहंग


त्र्यंबकेश्वर
६ जानेवारी २०२५

चि. विहंग,

दोन ओळी लिहून देऊ नकोस. रवीचं काही चुकलेलं नाही. तुझंही काय ते तूच बघ, मी तुला सोडवू शकत नाही आणि बांधूनही ठेवत नाही. आण मीच घातली होती. आता माझं ऐक.

तुझं स्पीडपोस्ट गुरुवारी आलं. अपघात मंगळवारी झाला होता. झुंबरबाईने ते दवाखान्यात आणून दिलं, आणि मी ते अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसून वाचलं. फडफड, ओलं कापड आपटल्यासारखी. तुला वाटत असेल, काकाला ती ऐकू आली नाही म्हणून घात झाला. पोलिसांनाही मी तेच सांगितलं, अचानक फुटला, काही कळलंच नाही. तसं झालेलं नाही.

त्या दिवशी परत येत होतो. अंजनेरीचा फाटा यायचा होता. एरवी येताना ती डोळे मिटून पडलेली असते, त्या दिवशी जागी होती. म्हणाली, "अहो, मागून कसला आवाज येतोय?"

मला ते लख्ख ऐकू आलं. दहातले सात नाही, सगळे. गाडी इतकी गप्प होती की तिचा प्रत्येक शब्द कानात पडला. मागचा आवाज मात्र मला येत नव्हता. मी म्हटलं, "कसला?" म्हणाली, "फडफड होतंय काहीतरी. तुम्हाला येतोय ना ऐकू?"

तेव्हा खरं बोललो असतो तर गाडी थांबवावी लागली असती, उतरून बघावं लागलं असतं, आणि तिने विचारलं असतं, एवढा आवाज तुम्हाला कसा आला नाही? मी म्हटलं, "येतोय की. रस्त्याचा आहे. विहंगनेच लिहिलंय, खडीवर टायर गुणगुणतात." ती म्हणाली, "मग असू दे." आणि मान मागे टेकवून डोळे मिटले. माझ्या कानावर तिने भरवसा ठेवला. ते गेलेत हे तिला ठाऊक असतं तर त्या बाईने मला एक फर्लांगही पुढे जाऊ दिलं नसतं.

मी दीडेक किलोमीटर गेलो. मग मागचा डावा फुटला आणि गाडी डावीकडे, तिच्या बाजूने, झाडावर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. तिच्या बरगड्या मोडल्या, आणि सुई लावायचा तो हातही मोडला. मग डायलिसिस मानेतून करायला लागले, ते तिला सोसेना. हे तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते असं. सहा तारखेला, शुक्रवारी दुपारी, मला आत सोडलं. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, डोळे उघडे होते, शुद्धीत होती. मी तिचा चांगला हात धरला आणि सगळं सांगितलं. तीन वर्षांचा कान, गुडघे, नवी गाडी कशासाठी घेतली, हवा अठरा, आणि तो आवाज मला आलाच नव्हता हे. एका दमात सांगितलं. संकल्पसुद्धा मी इतका सरळ कधी सोडला नसेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मुखवटा बाजूला करायला हात हलवला. परिचारिकेने तो जरा वर उचलून धरला. उत्तरा काहीतरी म्हणाली. पाच-सहा शब्द असतील. ओठ सुजलेले होते, त्यांच्यावरून मला काही कळेना. बाजूला यंत्रं वाजत होती. मी कान तिच्या तोंडाला लावला, उजवा लावला. ती पुन्हा म्हणाली. नुसती वाफ लागली.

आणि विहंग, तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही. तिला धाप लागली होती. मी म्हटलं, "हो." ती माझ्याकडे बघत राहिली. मी हो कशाला म्हटलं ते मला ठाऊक नाही. बाहेर आल्यावर परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, आजोबा, मी सलाईनकडे बघत होते, माझं लक्ष नव्हतं. रविवारी पहाटे उत्तरा गेली.

तेव्हापासून मी त्यावरच आहे. माफ केलं म्हणाली का? आधी का नाही सांगितलंत म्हणाली का? पाणी मागितलं असेल? का तेजश्रीचं काही असेल, की जे मी कबूल केलं आणि करत नाहीये? सगळी वाक्यं तिच्या तोंडी बसवून पाहिली, सगळी बसतात.

आता तेजश्री. तिला खरं कळलंच पाहिजे, रवीच्या पोटावर पाय पडता कामा नये. माझी तुला आलेली सगळी पत्रं तिच्या हातात दे. एकोणीस ऑक्टोबरचं दे, अठरा नोव्हेंबरचं दे, हेही दे. मला समोर बसून सांगणं जमणार नाही. ती रडेल, रडत बोलेल, आणि मी पुन्हा तोंडाकडे बघत बसेन.

तिला म्हणावं, बापाला शिव्या द्यायच्या असतील तर कागदावर लिहून दे. मी सगळ्या वाचीन.

ढुंढिराज